सोजराच्या मळ्यात ब्रिजाबाई

मी आयर्लंड पाहून आलो, असं हल्ली मी पेठेत सांगतो. कुणी खोलात शिरलंच तर कबूल करतो, की एस्टी नेवाशाच्या पुढे गेली नव्हती. पण डोळे उघडे ठेवून प्रवास करणाऱ्याला नेवासे तालुक्यातही आयर्लंड दिसतं. फक्त हिरवं नाही, करपलेलं. ज्यांना तिकडे जायचा योग नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो योग कुणाला येऊही नये. यातला जो भाग तुम्हाला थाप वाटेल तो खरा आहे. जो अगदी साधा वाटेल, तिथे मी थोडी फोडणी दिली असण्याचा संभव आहे.

शिलाई मशीनचा फिरता एजंट म्हणून नगर जिल्हा मी तळपायाने पाठ केलेला. आमच्या चाळीतले थॉमस मास्तर एका संध्याकाळी जिना चढून आले आणि म्हणाले, "नाना, आयर्लंडहून एक बाई आल्यात. त्यांना नगरकडे जायचंय. तुमचं इंग्रजी कसं आहे?"

माझं इंग्रजी कंपनीच्या कॅटलॉगवर पोसलेलं. सुई, दोरा, चाक आणि वंगण यांच्या हद्दीत मी कुणालाही हार जात नाही. मी म्हटलं, "विलायतेत माझं इंग्रजी ऐकून लोक आपलं सुधारतील."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाई दिसल्या आणि मी पहिला धक्का खाल्ला. गोरी मडम म्हणजे हॅट, पंखा आणि कडेवर कुत्रं, अशी माझी कल्पना. ह्या साठीच्या, घाऱ्या डोळ्यांच्या, दारात वाकून शिरावं लागेल अशा उंच, आणि हात असे की मशीनचा लोखंडी पाय दोन बोटांनी उचलतील. नाव ब्रिजिट. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ज्या जिल्ह्यात ढग दिसला तर लोक दर्शनाला बाहेर येत होते, त्या जिल्ह्यात.

"पावसाची तयारी असावी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आमची तर केव्हाची आहे."

नगरच्या वाटेवर

त्या एस्टीत एवढे हादरे होते, की शिरूर येईपर्यंत माझी अक्कलदाढ उजवीकडून डावीकडे गेली. ब्रिजाबाई मात्र (हे नाव पुढे गावाने ठेवलं, मला तेच जवळचं वाटतं) मांडीवर हात ठेवून झाड बसावं तशा बसून होत्या आणि बोलत होत्या.

त्यांच्या मुलखात शेत थोरल्याचं. वाटे करायचे नाहीत, नाहीतर सगळेच उपाशी मरतील. म्हणून धाकट्याने बोटीत बसायचं नाहीतर पलटणीत शिरायचं. आणि त्याने निघायच्या आदल्या संध्याकाळी काय करायचं, तर जिवंत माणसाला मध्ये बसवून, तो मेलाच आहे असं समजून घरादाराने रडायचं, नाचायचं आणि प्यायचं. कारण तो परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. हे ऐकून मी खिडकीचा गज घट्ट धरला. आमच्याकडे मेलेल्याचा तेरावा करतात. जित्याचा करणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

ब्रिजाबाईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ, नाव डॅन, असाच रडून, नाचून पाठवला गेला. पलटणीबरोबर नगरच्या छावणीत आला, एवढं घरी कळलं होतं. पुढे आवाज नाही. तिकडे थोरल्याचा वंश वाढत वाढत ब्रिजाबाईंपाशी येऊन थांबला. लग्न केलं नाही, भाऊ गेला. बावीस एकर, आठ गाई, आणि एकटी बाई.

"निम्मं शेत डॅनचं आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज पहाटे गाई पिळते तेव्हा मला वाटतं, कुणीतरी फाटकात उभं आहे आणि आत ये म्हणायची वाट पाहतं आहे. त्याची माणसं असतील तर त्यांचं त्यांना द्यायचं. नसतील तर मी सगळं विकून टाकीन. पण फाटकात कुणीतरी उभं असताना मला मरायचं नाही."

आता मी म्हाताऱ्या आयांकडून मशीनचे हप्ते वसूल केलेला माणूस. जमीन मागायला आलेले नातेवाईक पाहिले होते. द्यायला समुद्र ओलांडून आलेला नातेवाईक मी पुराणातही ऐकला नव्हता.

"हे आधी बोलायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "आधी माणसं त्याचीच आहेत हे कळू दे. जमिनीचं नाव काढलं की नातेवाईक उगवतात."

हे मात्र शंभर टक्के पटलं. तोंडातून शब्द गेला असता तर दोन दिवसांत अख्ख्या तालुक्याचे डोळे घारे झाले असते.

सावेडी

नगरला लागून असलेल्या सावेडीला माझी बहीण राहते. तेव्हा तिकडे नुकते बंगले उठत होते; एका बाजूला कंपाउंड, दुसऱ्या बाजूला ज्वारीची कापलेली धसकटं. बहिणीने मडम म्हणून खास बटाट्याची भाजी केली आणि शेजारणीकडून चमचा आणला. ब्रिजाबाईंनी चमचा बाजूला ठेवला आणि बटाट्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आमच्याकडे हा एकदा सगळीकडे कुजला," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या आईने पोरांना गवत उकडून घातलं."

बहिणीला मी हे मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच बटाटा कुजवला. मग तिने आतून घरच्यांसाठी केलेले हुलग्याचे शेंगोळे आणून वाढले. त्या लसणीच्या तिखट रश्शाने भल्या भल्या पुणेकरांचे कान पेटतात. बाईंनी दोन वाट्या संपवल्या, नाक पुसलं आणि तिसरीसाठी वाटी पुढे केली. बहीण त्या दिवसापासून त्यांच्या पक्षात गेली ती अजून तिकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी छावणीकडच्या एका जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या कारकुनाने लग्नांची वही म्हणून जे आणलं ती वही नव्हती, वाळवीचं वारूळ होतं. त्याला पुठ्ठा बांधला होता. पान उलटलं की पिठासारखं खाली पडायचं. तो फुंकर मारायलाही घाबरत होता. शेवटी वाळवीला न आवडलेली एक ओळ सापडली: डॅन, पलटणीतून निवृत्त, आणि वधू मरियाबाई, राहणार बाभूळढोण.

"बाभूळढोण म्हणजे नेवाशाच्या अलीकडे," मी म्हटलं. मला त्या गावाची आठवण एवढीच, की तिथे मी आजवर एकही मशीन विकू शकलो नव्हतो.

खडीचा रस्ता

नेवाशाच्या रस्त्याला जीप मिळाली, आणि बाभूळढोणच्या फाट्यावर तिचं टायर फुटलं. फुटलं तेही अशा जागी, की जिथे दुष्काळी काम चाललं होतं. नजर जाईल तिथवर बाया बसलेल्या, प्रत्येकीसमोर दगडाचा ढीग, आणि हातोड्यांचा आवाज असा, की सगळ्या जिल्ह्याचे दात वाजतायत. झाडाची सावली विकत मिळाली असती तर मी मशीनच्या भावाने घेतली असती.

ब्रिजाबाई जीपमधून उतरल्या आणि थिजल्या. मला वाटलं ऊन लागलं.

"आमच्याकडे असे रस्ते आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "भुकेच्या सालात बांधलेले. डोंगरात जातात आणि मध्येच संपतात. कुठेच पोचत नाहीत. फक्त मजुरी द्यायला काहीतरी काम हवं होतं म्हणून."

मी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. तो ओढ्यापर्यंत गेला होता आणि ओढ्याच्या पलीकडे त्याचं काही काम दिसत नव्हतं. मी विषय बदलला.

पण बाई तोवर एका बाईशेजारी जाऊन बसल्या होत्या आणि तिचा हातोडा घेऊन दगड फोडत होत्या. दोन घावांत दगडाचं पीठ. सगळ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या.

"आगं बया, ही तर मुकादमाचं बी डोस्कं फोडील," हातोडीची मालकीण म्हणाली. पन्नाशीची, उन्हाने रापून काळी ठिक्कर, कपाळ मोकळं. आणि त्या काळ्या चेहऱ्यात मांजरासारखे घारे डोळे. मी दचकून ब्रिजाबाईंकडे पाहिलं.

"कोन म्हनायची ही?" तिने मला विचारलं.

"आयर्लंडहून आल्यात. आपली माणसं शोधायला."

"नशीबवान हायत ती मानसं. आमाला कोन न्हाई शोधत येत." मग छत्रीला बोट लावून म्हणाली, "आन ही कशाला आनली? पानी पाडतीय काय?"

"तिकडे रोज पाऊस असतो," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. बारा महिने."

ही गोष्ट रांगेतून पुढे सरकत गेली आणि शेवटच्या बाईपर्यंत पोचल्यावर तिकडून एक मोठा हशा परत आला. नगर जिल्ह्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण कुणी एवढं मनापासून हसलं नव्हतं, आणि नेमकी हीच खरी होती. हातोडीवालीचं नाव सारजाबाई, एवढं कळलं. तोवर टायर बसलं.

बाभूळढोणची चावडी

तलाठी भाऊसाहेब सभ्य माणूस. चहा मागवला, खुर्ची पुसली. मी म्हटलं, "जुन्या काळी इथे डॅन नावाचा गोरा शिपाई राहिला होता. मरियाबाईचा नवरा. त्याच्या वंशाचं कुणी आहे का, ते जमिनीच्या उताऱ्यावर बघायचंय."

भाऊसाहेबांची बशी ओठाशी थांबली. "ह्या बाई त्याच्या कोण?"

"थोरल्या भावाची नात."

"असं होय," ते म्हणाले, आणि दाराकडे पाहून खोकले. दारातला कोतवाल त्या खोकल्याबरोबर नाहीसा झाला. तेव्हा मला वाटलं, साखर आणायला गेला.

"जुनं दप्तर तालुक्याला," भाऊसाहेब म्हणाले. "आणि असला माणूस इथं झाला नाही. मी तीस वर्षं बघतोय."

आम्ही गावात विचारायला निघालो. देवळाच्या पारावर, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडे. सगळीकडे एकच उत्तर, एकाच सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसं: "न्हाई बा, असला कोनी हुता असं ऐकलं न्हाई." डॅन सोडाच, गोरा शिपाई म्हणजे काय हेही कुणाला माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याने तर इंग्रज ह्या देशात आले होते हेच नाकारलं. मी म्हटलं, आजोबा, मग दीडशे वर्षं राज्य कुणी केलं? तो म्हणाला, "आमच्या गावात न्हाई केलं."

ब्रिजाबाईंचा चेहरा उतरत चालला होता. मी मात्र चक्रावलो. चार प्रश्न विचारले की गावाची चार उत्तरं येतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. अख्खं गाव एकमताने बोललं म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असतं.

गिरणीबाहेर एक शेंबडं पोर नुसत्या सद्ऱ्यावर उभं होतं. मी त्याला विचारलं, "वस्तीवर कुठल्या वाटेने जायचं?"

"कुठल्या वस्तीव? सोजराच्या मळ्याकं?" पोर म्हणालं, आणि आईने त्याला दंडाला धरून आत ओढलं.

सोजीर म्हणजे गोरा शिपाई, हे माझ्या आजीच्याही तोंडात होतं. माणसं माणसाला विसरल्याचं नाटक करू शकतात, पण वावराचं नाव बदलायला त्यांना सुचत नाही.

सोजराचा मळा

मळ्यात पाच घरं, एक विहीर. विहीर कोरडी ठाक. आत वाकून पाहिलं तर खडकावर एक खार वाळत बसलेली. ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती. ह्या भावकीत बांधावरून कुऱ्हाडी निघत होत्या आणि चार घरं पाचव्याशी बोलत नव्हती, हे मला मागाहून समजलं. त्या दिवशी मात्र सगळी ओटीवर खांद्याला खांदा लावून बसली होती, फोटो काढायला बसतात तशी. मध्ये शांतवनदादा, घरातले वडीलधारे. डोक्याला फेटा, डोळे घारे. त्यांच्या शेजारच्याचे घारे. मागच्या पोरीचे घारे. आणि चुलीपाशी, नुकतीच कामावरून आलेली, सारजाबाई. ती दादांची धाकटी बहीण निघाली.

"पावनं, बसा," दादा म्हणाले. "पानी घ्या. पर तुमी म्हनता त्यो मानूस हितं कवाच नव्हता. आमी पयल्यापास्नं हितलंच."

मी सगळ्या घाऱ्या डोळ्यांवरून नजर फिरवली. "हे डोळे?"

"ऊन लई हाय औंदा," दादा म्हणाले.

समोर मिलोची लाल भाकरी आणि ठेचा आला. ती सरकारी लाल ज्वारी घशाखाली उतरवायला घशाला कातडी बूट घालावे लागतात, पण घरात दुसरं काही नाही हे दिसत होतं, म्हणून मी स्तुती करत खाल्ली. ब्रिजाबाईंचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. त्या विहिरीकडे बघत होत्या.

"ते बैल," त्यांनी मला विचारलं, "किती दिवस उपाशी आहेत?"

मी पाहिलं. बाभळीला दोन बैल. त्यांच्या बरगड्यांवर धुणं वाळत घालता आलं असतं. आणि त्यांच्यापासून चार हातांवर, विहिरीच्या कडेला, कडब्याची चांगली पुरुषभर उंच गंजी. मला ह्यात काहीच वावगं दिसलं नाही. मला मशीन दिसतात.

"चारा एवढ्या जवळ आहे," त्या म्हणाल्या, "आणि देत नाहीत. का?"

मी दादांना विचारलं. ओटीवर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्यो बियान्याचा हाय," दादा म्हणाले.

कडब्याचं बियाणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पण मी भाषांतर करेपर्यंत ब्रिजाबाई उठल्या होत्या. लांब ढांगा टाकत गेल्या, गंजीतून एक पेंढी उपसली आणि पांढऱ्या बैलाच्या तोंडाशी धरली. वस्तीतून एक कण्हणं उठलं. बैलाने ती पेंढी सुटली म्हणजे स्वर्ग सुटेल अशी ओढली. दुसरी पेंढी काळ्याला. आणि मग पांढऱ्याने विचार केला, की एक-एक कशाला. त्याने मान झटकली, जुनं दावं तुटलं, आणि तो छातीपर्यंत गंजीत शिरला. गंजी डोलली, कलली आणि धबाका करून बसली.

आत दगड होता. उभा, कंबरेएवढा. वर क्रूस, खाली वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं: डॅन. त्याच्याखाली एका जागेचं नाव. ब्रिजाबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या शेताचं नाव होतं. बावीस एकरांचं.

सगळी वस्ती दगडाकडे बघत उभी राहिली. बैल तेवढा खात होता.

मग उलगडा झाला. कोतवाल साखर आणायला गेलाच नव्हता. 'थोरल्या भावाची नात उतारा बघतीय' हे त्याने धावत वस्तीवर सांगितलं. आणि जुना उतारा मागणारा पाहुणा इथे एकाच कामाला येतो: वाटणी. मागल्या साली शेजारच्या गावात असाच एक आत्याचा नातू मुंबईहून उगवला होता आणि अर्धं वावर घेऊन गेला होता. म्हणून, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पाच घरांनी आपापल्या जनावरांच्या तोंडचा शेवटचा कडबा आणून सोजराला झाकलं. गंजीत पेंढ्या बारीक-मोठ्या, पाच तऱ्हेच्या बांधणीच्या होत्या. हे दगड दाखवण्यापेक्षा मोठं कबुलीपत्र होतं.

वाटणी

आता तोंड उघडायला मला परवानगी होती. मी ओटीवर उभा राहिलो आणि मशीन विकताना लावतो तो आवाज लावला. म्हटलं, "दादा, बाई घ्यायला नाही आल्या. द्यायला आल्यात. तिकडचं निम्मं शेत तुमच्या आज्याचं. अकरा एकर. बारमाही पाऊस."

मला वाटलं, आता रडारड, मिठ्या. दादा पुढे सरकले.

"कज्जा चालूय का त्याच्याव?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बोजा?"

"नाही."

"मग भूत असंल."

ओटीवरची सगळीजणं माना हलवायला लागली. भुताशिवाय दुसरं कारण कुणालाच दिसेना. मी ब्रिजाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आहे. फाटकात उभं असतं." हे भाषांतर मी केलं नाही.

दादा म्हणाले, "इचारा बाईला, आमच्या आज्याला धाडला तवा थोरल्यानं काय दिलं?"

ब्रिजाबाई खाली बघून म्हणाल्या, "बुटांचा एक जोड. नवा."

हे मी सांगितलं. दादांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कोडं सुटल्यावर होतो तसा. "मग झालं की. बूट दिलं, त्यानं घेतलं, पायात घालून गेला. हक्कसोड झाली. आमच्यात बहिनीला लुगडं देत्यात, तुमच्यात भावाला बूट. येवार पुरा झाला. तुमच्याकं आमचं काय न्हाई, आमच्याकं तुमचं काय न्हाई. बाईला म्हनावं, सुखानं जा, आन निजत जा."

हे मी ब्रिजाबाईंना सांगितलं.  समुद्र ओलांडून आणलेलं ओझं त्या माणसाने हात न लावता परत त्यांच्याच डोक्यावर ठेवलं होतं, आणि तेही मोठ्या मनाने. त्या म्हणाल्या, "पण बुटांनी शेत फिटत नाही." त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की त्यांच्या अंगाशी जुळेना.

"फिटतं की," दादा म्हणाले. "आमचं फिटलंय."

"कुनाचं फिटलंय?"

चुलीकडून आलं ते. सारजाबाई भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे, मान वर नाही.

"सारजे, तू गप."

"गप तर हायेच. पस्तीस वर्सं गप हाय. लगीन झालं तवा चावडीव नेऊन आंगठा घेतलास. जांभळं लुगडं दिलंस. पयल्या धुन्यात इटलं ते. धनी गेला, परत आले, तर पडवीत हातरूण. दादा, मी काय म्हनले का कधी?"

"मग आता काय म्हनतीस?"

"म्या न्हाई म्हनत. ती बाई म्हनतीय. बुटानं शेत फिटत न्हाई म्हनतीय. ती येडी असंल. पर मानूस येडं झालं तरी एवढं लांब चालत येत न्हाई, दादा." तिने भाकरी तव्यावर टाकली. "आज माझ्याच ताटातली भाकर खाल्ली तुमच्या पावन्यानं. खडी फोडून आनलेली."

मी हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडे पाहिलं आणि तो कुठे ठेवावा हे मला समजेना.

"काय म्हणाली ती?" ब्रिजाबाईंनी विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. त्या सबंध प्रवासात तेवढं एकच भाषांतर मी चिमूटभरही न वाढवता केलं.

ब्रिजाबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या, आणि सारजाबाईच्या शेजारी जमिनीवर बसल्या.  बोलून उपयोग नव्हता. नुसत्या बसल्या. दोन्ही डोकी बाजूबाजूला, एक भुरं, एक काळं, आणि चुलीच्या उजेडात डोळे एकाच साच्यातले. दादांनी ते पाहिलं. पाहिलं, फेटा काढला, पुन्हा बांधला, आणि बैलाला नवं दावं लावायच्या निमित्ताने बाहेर गेले ते जेवायलाही आत आले नाहीत.

पुन्हा चावडी

सकाळी भाऊसाहेबांनी आम्हाला येताना पाहिलं आणि दप्तर कुलपात घालायला घेतलं. पुढे शांतवनदादा, धुतलेल्या फेट्यात. मागे पाच घरं. मग ब्रिजाबाई, रबरी बुटांत. आणि सगळ्यात शेवटी सारजाबाई, डोईवर खडीची पाटी तशीच, कारण मागाहून कामावर जायचं होतं.

"भाऊसाहेब," दादा म्हणाले, "आमच्या उताऱ्याव सारजाचं नाव घाला. निम्म्याला."

भाऊसाहेबांना ऐकू आलं नाही असं वाटून दादांनी पुन्हा सांगितलं. भाऊसाहेब खुर्चीवरून उठले. बसले. टोपी काढून तिच्यात बघितलं.

"दादा, तीस वर्षं झाली नोकरीला," ते म्हणाले. "शेकडो बहिणींची नावं कमी केली. हात बसलाय. पण वाढवायचं कसं, ते कुणी विचारलंच नाही. मला तालुक्याला जाऊन शिकून यावं लागंल."

"या शिकून. आमी बसतो."

मग दादा ब्रिजाबाईंकडे वळले. "आता तुमचं बोला, बाई. काल घेता येत नव्हतं. सवता बहिनीला दिल्याबिगर घ्यायचं कुठल्या तोंडानं? घेतो. आज्याचा तुकडा घेतो. पर आमचं बैल काय तिथवर पोचायचं न्हाईत. तुमच्या बांधाला बांध कोनाचा?"

ब्रिजाबाई म्हणाल्या, एका शेजाऱ्याचा आहे, पण त्याच्याशी बोलणं नाही.

"बोला. त्याला बटईनं लावा. निम्मं त्यो खाईल, निम्मं आमच्या नावचं तुमी खा, हायसा तवर."

मी भाषांतर करता करता थांबलो. ज्या आयरिश शेतकऱ्याने जन्मभर इंग्रज जमीनदारांना शिव्या दिल्या असतील, त्याचा जमीनदार आता बाभूळढोणला राहणार होता, घारा आणि फेटेवाला. ब्रिजाबाईंनी ऐकलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या; असं हसल्या की चावडीच्या आढ्यातली पाकोळी उडाली. "माझ्या शेजाऱ्याला हे मी स्वतः सांगणार," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसायला त्यांनी रेनकोटाची बाही वापरली. ती मेणकापडाची होती; काही उपयोग झाला नाही.

"सारजे," दादा म्हणाले, "तुला कंचं वावर?"

वस्तीला वाटलं, ती ओढ्याकडचा मुरमाड तुकडा मागेल आणि पाया पडेल. मलाही वाटलं. सारजाबाईने पाटी खाली ठेवली.

"हिरीकडचं," ती म्हणाली.

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. तो मळ्यातला सोन्यासारखा तुकडा. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा ब्रिजाबाईंकडे पाहिलं. "घे. पर पानी पाळीनं. तीन दिस माजं, चौथा तुजा."

"का म्हनून? निम्मी हाय मी. एक दिस तुजा, एक माजा."

"माज्याकं ऊस असतोय."

"मग मी बी ऊस लावीन."

विहिरीत त्या दिवशी कावळ्याला चोच बुडवायला पाणी नव्हतं. तरी दोघं चावडीच्या पायरीवर बसून, ऊन डोक्यावर येईपर्यंत पाण्याच्या पाळीवरून भांडत होती. पाच घरांनी दोन बाजू घेतल्या, भाऊसाहेब मध्यस्थी करून थकले, खडीच्या कामाची वेळ केव्हाच टळली. मी ब्रिजाबाईंना म्हटलं, चला, एस्टी चुकेल. त्यांनी मला हाताने गप्प बसवलं.

"काय चाललंय ते सगळं सांग मला," त्या सरसावून बसत म्हणाल्या. "एक शब्द गाळू नकोस."